दगडात कोरलेल्या तुळया आणि बालाघाटाचा साग

अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात गेलेला माणूस भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच लेण्याच्या पुढच्या भागात मान वर करून छत बघावं. तिथे तुळया आहेत, तुळयांवर आडव्या कड्या आहेत, आणि तुळयांची टोकं खांद्यावर पेलणारे गुबगुबीत गण आहेत. यातलं काहीच कशाचाही भार घेत नाही. सगळं लेणं एका अखंड कातळातून पोखरलेलं आहे. त्या तुळया काढून टाकल्या असत्या तरी छत तसूभर हललं नसतं. तरीही कोरणाऱ्याने त्या कोरल्या. मला याचं एकच कारण दिसतं: छत म्हणजे लाकूड, हे त्या माणसाच्या डोळ्यांत इतकं भिनलेलं होतं की डोंगर पोखरतानाही त्याच्या हाताला लाकूडकामच सुचलं.

आता यात आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरचा संबंध कुठे येतो? हे लेणं वराहदेव नावाच्या मंत्र्याने खोदवून घेतलं. तसा शिलालेखच तिथे आहे. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. मंगरूळपीरहून ते तासाभराच्या अंतरावर आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या त्या राजधानीतला एकही लाकडी खांब आज उभा नाही. वाळवी, आग, पाऊस आणि पुढच्या पिढ्यांची चूल यांनी सगळं नेलं. पण त्या राजधानीच्या मंत्र्याने दगडात करवून घेतलेलं छत राहिलं. आपल्या भागातल्या सुतारकामाचा एक जुना दाखला अशा रीतीने अजिंठ्यात, तोही दगडात सापडतो.

त्याच अजिंठ्यात मागे गेलं की आणखी गंमत दिसते. ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहं सगळ्यांत जुनी. त्यांच्या कमानदार छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. फासळ्या गेल्या, त्यांच्या खुणा उरल्या. पाच-सहाशे वर्षांनी खोदलेल्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत त्याच फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. आणि ज्यांना खरं लाकूड बघायचं आहे त्यांनी लोणावळ्याजवळच्या कार्ल्याला जावं. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला सागवानी फासळ्या अजून आहेत, स्तूपावरची लाकडी छत्रीही आहे. ते लाकूड सुमारे दोन हजार वर्षांचं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस त्या लेण्याच्या तोंडाशी कोसळतो, आणि आतला साग शाबूत आहे.

एखादं लाकूड इतकं कसं टिकतं, हा प्रश्न पडला की सागाच्या पोटात शिरावं लागतं. सागाच्या गाभ्यात झाड स्वतः काही रसायनं साठवत जातं. त्यातलं टेक्टोक्विनोन वाळवीला सोसत नाही. शिवाय तेलकट, रबरासारखा अंश असतो, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. थोडी सिलिकाही असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. रंध्याचं पातं सागावर लवकर बोथट होतं ते या सिलिकेमुळे. ओक वृक्षाच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळा खाऊन टाकतं, साग मात्र खिळ्याला सांभाळतो. म्हणून तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजं बांधली. १८१७ साली तिथे बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे मलबारी सागाचं लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात आजही तरंगतं आहे. ओकच्या देशाने आपलं आरमार बांधायला साग निवडला, यातच सगळं आलं.

पण ही सगळी ताकद फक्त गाभ्यात असते. झाडाच्या बाहेरच्या पांढुरक्या पट्ट्यात ती नसते. तो भाग झाडाचं पाणी वर नेतो, जिवंत असतो, आणि त्यामुळेच किडीला गोड लागतो. झाड जसं वयात येतं तसा आतला एकेक थर कामातून निवृत्त होतो, त्यात ही रसायनं भरली जातात आणि त्याला तो सोनेरी तपकिरी रंग चढतो. कोवळ्या सागाची चौकट दहा वर्षांत पोखरली जाते आणि आजोबांच्या घराची चौकट शंभर वर्षं उभी राहते, यात सुताराचा दोष शोधू नये. फरक वयाचा आहे. त्या जुन्या चौकटीत जवळजवळ सगळा गाभाच असतो.

जगात साग मूळचा चारच देशांतला: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. त्याला भरपूर ऊन लागतं, आणि वर्षातले काही महिने कोरडे जावे लागतात. मुळाशी पाणी तुंबलं की तो मरगळतो. जमिनीत चुना असला की खूश असतो. आता हे सगळं वाचून आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग: पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, काळ्याभोर मातीचा पयानघाट, आणि त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढून आलेला बालाघाट. वाशीम, मंगरूळ, पुसद हा सगळा बालाघाट. इथे टेकड्यांवर मुरमाड, उथळ, पाणी न धरणारी जमीन आहे. खाली सगळा काळा पाषाण, लाव्हाचा, चुनखडीचे खडे बाळगणारा. टेकडीवर साग आणि सखल काळ्या रानात बाभूळ, ही वाटणी कोणी माणसाने केलेली नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते. सागाला ते मानवत नाही, बाभळीला चालतं. ज्या जमिनीने वऱ्हाडला कापूस दिला तिनेच सागाला टेकडीवर ठेवलं. मालेगाव आणि बार्शीटाकळीच्या बाजूला काटेपूर्णा अभयारण्यात हे सागाचं कोरडं रान अजून पाहायला मिळतं. पावसाळ्यात सागाचं कोवळं पान चुरगाळलं तर बोटं लाल होतात. मुलांना नेऊन हे एकदा दाखवावं.

लाकूडधंदा म्हटलं की आपल्या मनात आरामशीन, दुकान, शोरूम येतं. या भागातला खरा लाकूडधंदा शेकडो वर्षं दुसरीकडेच चालत होता: गावोगावच्या सुताराच्या, आपल्याकडच्या वाढयाच्या दारात. तो बलुतेदार होता. त्याला मालामागे पैसे मिळत नसत, खळ्यावर धान्य मिळे. त्याचं वर्षाचं मुख्य काम फर्निचर हे नव्हतंच. ते होतं नांगर, वखर, तिफन, डवरा आणि बंडी, म्हणजे बैलगाडी. पलंग, देव्हारा, पाळणा, बंगई ही कामं हंगाम सरल्यावरची.

आणि या माणसाचं ज्ञान किती मोठं होतं! त्याला साग हे एक लाकूड नव्हतं, पंधरा-वीस लाकडांतलं एक होतं. प्रत्येकाचं काम ठरलेलं. धावडा चिवट, धक्का बसला तरी लवतो पण तुटत नाही, म्हणून तो बंडीच्या आखाला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला. तिवस जुवाला आणि दांड्यांना. खैर कठीण, झिजत नाही, म्हणून मुसळाला. शिवण हलकी, वाळल्यावर वाकत-पिळत नाही, म्हणून पाळण्याला आणि ढोलकीच्या खोडाला. अंजन इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. सलई नरम, ती खोक्यांना. त्याच सलईवर आणि बांबूवर पुढे बऱ्हाणपूरजवळ नेपानगरचा वर्तमानपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला. अकबराच्या दरबारात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त ७२ जातींच्या लाकडांची वजनं नोंदवून ठेवली आहेत, सारख्याच घनमापाचा तुकडा घेऊन. बादशहाला ती यादी लिहवून घ्यावी लागली. आमच्या वाढयाला ती तोंडपाठ होती, आणि वजनाच्या पुढे जाऊन कोणतं लाकूड कुठे फाटतं हेही त्याला माहीत होतं.

याचा कळस म्हणजे बंडीचं चाक. मी त्याला या भागातली सर्वांत अवघड लाकडी वस्तू मानतो, कुठल्याही नक्षीदार पलंगापेक्षा अवघड. मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वाकडे पुठ्ठे, आणि सगळ्यांना आवळणारी लोखंडी धाव. तुंब्याला चहूबाजूंनी भोकं पडतात आणि प्रत्येक भोकात एक आरा पाचरीसारखा घुसतो. सरळ धाग्याचा साग तिथे उभा फाटेल. बाभळीचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तुंबा बाभळीचा. टेकडीवरचं राजेशाही लाकूड जिथे हरतं तिथे बांधावरची काटेरी बाभूळ टिकते. मग लोहार धाव तापवून लाल करी. तापलेलं लोखंड पसरतं, तेवढ्यात ती चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. वाफेच्या लोटात धाव आकसते आणि सगळे सांधे असे आवळते की खिळ्याची, सरसाची गरजच उरत नाही. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा धडा शाळेत शिकण्यापूर्वी गावातली पोरं तो बंडीच्या चाकाभोवती उभी राहून पाहत होती.

तिफनीचंही असंच. तिचे तीन फण ज्या अंतरावर बसतात त्या अंतरावर पीक उगवतं. मग त्या ओळींमधून चालणारा डवरा त्याच मापाला बसायला हवा, नाहीतर पिकाची मुळं तोडेल. म्हणजे शिवारातल्या पिकाच्या ओळींमधलं अंतर वाढयाच्या हातातल्या गुण्याने आणि मोजपट्टीने ठरत होतं. एका गावाचं शिवार ही एका सुताराची आखणी होती.

लाकूड दूर जात नसे, याचंही साधं कारण आहे. रेल्वेआधी इथला माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. मीठ, धान्य, कापूस बैलाच्या पाठीवर मावतं, वीस फुटी तुळई मावत नाही. लाकडाला प्रवास करायचा तर नदी हवी. गडचिरोलीच्या बाजूला अहेरीच्या जंगलातला साग प्राणहिता-गोदावरीतून तरंगत आंध्राच्या किनाऱ्याकडे जाई. आपल्या अडाण आणि काटेपूर्णा उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नद्या. त्यांनी सागाला गावाबाहेर जाऊ दिलं नाही, आणि त्यामुळे बालाघाटाचा साग बालाघाटातच लागला.

हे सगळं एका पिढीत उलटंपालटं झालं. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे तोंड वळवलं. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. एका मैलाच्या रुळांखाली दोन हजारांच्या आसपास लाकडी स्लीपर लागतात. मुंबई ते नागपूर पाचशे मैलांहून अधिक अंतर. म्हणजे एकाच मार्गाला दहा लाखांच्या घरात स्लीपर, आणि ते कुजले की पुन्हा नवे. जिनिंग-प्रेसिंगच्या बॉयलरांना जळण लागलं ते वेगळं.

कापसाचा पैसा मात्र लाकूड होऊनच गावात परत आला. अकोला, कारंजा, वाशीम, अमरावतीच्या भागात कापसाच्या भरभराटीत वाडे बांधले गेले. चौकाभोवती सागाचे खांब, खांबांच्या माथ्यावर कोरलेले हस्त, नक्षीची गणेशपट्टी, पितळी कड्यांचे दरवाजे. त्याच्या आधीपासूनची एक परंपरा मंगरूळपीरच्या शेजारीच होती. कारंजा हे दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांचं पीठ. तिथल्या काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहण्यासाठी वाट वाकडी करून जावं.

रेल्वेची भूक पाहून सरकारलाच जंगलाची काळजी वाटू लागली. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले, पुढे १९२७ चा आला, आणि तो आजही चालू आहे. वऱ्हाडात सागाची रानं राखीव झाली, गवतासाठी रमणे ठेवले गेले, आणि काळ्या रानातली बाभूळबनंसुद्धा राखली गेली. बाभळीला राखीव दर्जा! बंड्या, नांगर आणि जळण यांवर शेती किती अवलंबून होती हे सरकारने पुरतं ओळखलं होतं. पण त्याच राखणीने वाढई आणि रान यांच्यामध्ये परवाना उभा केला. काल जो टेकडीवर जाऊन उभं झाड पारखून आणत होता, तो आता डेपोतलं आडवं लाकूड घेऊ लागला. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं वळण हेच. रंध्याच्या जागी यंत्र आलं ती त्यापुढे लहान गोष्ट.

राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते. तोडलेल्या ओंडक्यावर वनखात्याचा हॅमर पडतो, म्हणजे लोखंडी हातोड्याने लाकडाच्या तोंडावर शिक्का उमटवला जातो. मग वाहतुकीचा पास, मग रस्ता. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला, त्यानंतर देशभरातल्या विनापरवाना आरागिरण्यांवर टाच आली.

सरकारी सागाची पेठ चंद्रपूर-गडचिरोलीकडे सरकली: बल्लारशाह आणि आलापल्ली. १९७४ साली स्थापन झालेलं वनविकास महामंडळ नागपुरातून कारभार करतं. बल्लारशाहच्या डेपोतला साग मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी मिरवणुकीने रवाना झाला. दिल्लीतल्या नव्या संसद भवनातलं सागवानही नागपूरचंच. व्यापारी या लाकडाला अजून ‘सीपी टीक’ म्हणतात. सीपी म्हणजे मध्य प्रांत. त्या नावाचा प्रांत १९५० सालीच नकाशावरून गेला, पण लाकडाच्या बाजारात तो भाव खाऊन आहे.

डेपोत लाकूड मोजण्याची रीत मला फार आवडते. गोल ओंडका, पण हिशेब चौकोनी. दोरीने घेर मोजायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर चार फूट आणि लांबी दहा फूट असेल तर उत्तर दहा घनफूट. भूमितीने मोजलं तर त्याच ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं. मग उरलेलं गेलं कुठे? ही फसवणूक मुळीच नाही. गोल ओंडका चौकोनी चिरताना बाजूच्या फळकुटांत आणि भुशात जे जाणारच आहे, ते या सूत्राने आधीच वजा केलेलं असतं. ओंडका जाड असो की बारीक, वजावट दर वेळी तितकीच, साडेएकवीस टक्के. अक्षरओळख नसलेल्या मजुराला दोरीच्या दोन घड्या घालून हे जमतं, आणि त्या दोन घड्यांत पाय या संख्येचा चौथा हिस्सा दडलेला असतो.

आज मंगरूळपीरमध्ये कुणी घर सजवायला निघालं तर त्याच्या हाती बहुधा प्लायवूड लागतं. हरयाणातल्या यमुनानगरकडे पॉपलरची लाकडं सोलून प्लाय बनवण्याचा मोठा धंदा आहे, शेतात काही वर्षांत वाढणारं ते झाड. ट्रॅक्टर आला, बंडीची चाकं टायरची झाली, तिफनीची जागा पेरणीयंत्राने घेतली. तुंबा घडवणारा हात शोधावा लागतो. मला याची हळहळ वाटते, कारण तुंबा कसा घडवायचा हे कुठल्या पुस्तकात नीट लिहून ठेवलेलं नाही. ज्यांच्या घरात असा म्हातारा वाढई आहे त्यांनी त्याला बोलतं करावं, मोबाईलवर त्याचे हात चित्रित करावेत.

आणि वाडे पाडले जातात तेव्हा जुनं सागवान बाजारात येतं. जाणकार सुतार त्यावर अक्षरशः तुटून पडतात. ते लाकूड दशकानुदशकं सुकलेलं असतं, आता आणखी वाकणार नसतं, आणि त्यात गाभाच गाभा असतो. पण विकण्यापूर्वी, किंवा चिरण्यापूर्वी, तुळईच्या टोकाचा आडवा छेद ओल्या फडक्याने पुसून बघण्यासारखा असतो. साग हा उष्ण प्रदेशातल्या मोजक्या झाडांपैकी आहे, ज्यांत वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात. पावसाच्या सुरुवातीला तो मोठ्या छिद्रांचा थर घालतो, नंतर दाट थर, मग पानं गाळून झोपतो. पाऊस भरपूर, तर वलय रुंद. पाऊस रुसला, तर अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या सागाच्या वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची साखळी उभी केली, आणि २०१० साली प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात जुन्या दुष्काळांचा माग काढला.

बालाघाटावरच्या एखाद्या तुळईचं झाड १८९९ च्या पावसाळ्यात उभं असेल, तर ज्या वर्षी वऱ्हाडात भयंकर दुष्काळ पडला त्या वर्षाची रेघ तिच्यात असणार. वाडा कोणत्या साली बांधला हे कागदावरून कळत असेल तर काम सोपं आहे. झाड त्याच्या थोडंच आधी तोडलेलं असणार. टोकाचा बाहेरचा पांढरा पट्टा शाबूत आहे का ते पाहायचं, म्हणजे शेवटचं वलय हाती लागतं. मग तिथून आतल्या दिशेने, भिंगाखाली, एकेक वर्ष मागे मोजत जायचं.